सैल काडी आणि लाल नेलपॉलिश

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याचा चष्मा नाकावर नव्हता, मुठीत होता. त्यामुळे तो काउंटरऐवजी थेट आरशापुढे उभा राहिला आणि स्वतःच्याच प्रतिबिंबाला अदबीनं म्हणाला, "जरा काडी बसवून मिळेल का?"

रेडिओला हसू आवरेना. रेडिओ म्हणजे चष्मेवाल्या मामाची भाची. कॉलेज सुटलं की काउंटर सांभाळायची, आणि एकदा सुरू झाली की बंद व्हायची नाही, म्हणून मामानंच हे नाव ठेवलेलं. तिनं काडी बसवली, स्क्रू पिळला आणि तेवढ्यात कुठल्या फ्रेमनं नाक दुखतं इथपासून मामाच्या घोरण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. तो दोनदा काहीतरी बोलायला गेला. बिचाऱ्याला फटच मिळाली नाही.

मग कळलं, तो तिच्याच संध्याकाळच्या इंग्रजीच्या क्लासात आहे, अगदी मागच्या बाकावर. दुसऱ्या शहरात हॉटेलच्या रिसेप्शनवर नोकरी मिळवायची होती, त्यासाठी त्याची ही सगळी खटपट. त्याची काडी मात्र फारच नाजूक निघाली... सारखी सैल. तो यायचा, ती पिळायची. तो "मला जरा—" म्हणायचा आणि हिची गाडी सुसाट पुढे. शेवटी वैतागून तिनं स्क्रूवर आपल्या लाल नेलपॉलिशचा थेंब सोडला. असा स्क्रू आपोआप कधीच सुटत नाही, हे मामानंच शिकवलेलं.

क्लासातल्या बाईंचा एक नियम होता. शब्दाचा अर्थ पाठ म्हणायचा नाही, आपल्या बाबतीत खरंच घडलेलं सांगायचं. त्या संध्याकाळी फळ्यावर होते हिअर, लिसन, वॉच, नोटिस. रेडिओनं ठसक्यात सांगितलं, मामा रोज ओरडतो आणि मी रोज लिसन करते. बाई म्हणाल्या, ते हिअर झालं गं, नुसतं कानावर पडलेलं. लिसन म्हणजे आपण होऊन कान द्यायचा. सगळा वर्ग खिदळला.

'नोटिस' त्याच्या वाट्याला आला. तो उठला आणि अडखळत, मोडक्या इंग्रजीत बोलला. चष्म्याच्या दुकानात एक मुलगी आहे. खूप बोलते. पण काचेवर फुंकर मारून ती उजेडात धरते ना... तेवढाच वेळ गप्प होते. खालचा ओठ दातात धरते.

बाईंनी विचारलं, मग हे वॉच का नाही?

"ठरवून बघत नव्हतो, बाई," तो म्हणाला. "आपोआप लक्षात आलं."

रेडिओचे कान तापले. इतके दिवस तो समोर उभा होता, आणि तिला त्याच्याबद्दल सांगता येईल अशी एक गोष्ट ठाऊक नव्हती. एकसुद्धा. घरी जाताना हेच तिला टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. "काडी... परत."

रेडिओनं तोंड उघडलं — आणि मिटलं. त्याच्याकडे नीट बघितलं. भुवईत एक बारीकसा व्रण. शर्टाचं एक बटण भलत्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं. आणि अंगठ्याच्या नखात... लाल कण. तिचंच नेलपॉलिश.

काडी सैल होत नव्हती. केली जात होती.

एरवी तिनं दुकान डोक्यावर घेतलं असतं. आज आतल्या खोलीतलं मामाचं काच घासायचं मशीन तेवढं घरघरत होतं. तिच्या गप्प बसण्यानं तो घाबरलाच.

"बरं नाही का तुम्हाला?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "बोला."

"नोकरी लागली. सोमवारी निघतोय." तो म्हणाला. "हॉटेलसमोरच चष्म्याचं दुकान आहे. पण मला... मला इथंच यायचंय. तू आवडतेस मला. एवढंच सांगायला येत होतो."

आतली घरघर थांबली. मामाही लिसन करत होता.

रेडिओनं काचेवर फुंकर मारली, चष्मा उजेडात धरला. ओठ दातात होता, हे आज तिलाही कळलं. तिनं स्क्रू पिळला आणि चष्मा स्वतःच्या हातानं त्याच्या कानांवर चढवला. नेलपॉलिशची बाटली तशीच बंद राहिली.

त्यानं बाटलीकडे पाहिलं. "आणि परत सैल झाली तर?"

"तर ये," ती हळूच म्हणाली. "नाही झाली तरी ये."