दोरा बांधलेला तेरडा

"ए, ती राहू दे ना."

मी तेरड्याच्या रोपांना हात घातला आणि मागून आवाज आला. मुलुंडला आमच्या कॉलनीमागचं टेकाड, भाद्रपदातलं ओलं ऊन, गौर म्हणून तेरडा आणायचा दिवस. आणि हा... गुडघ्यापर्यंत चिखल, हातात उपटलेलं तण, रानमोडी.

"का? तुझ्या बापाचं जंगल आहे?"

"नाही. पण बी पडायच्या आधी मुळासकट नेलीस, तर पुढच्या वर्षी इथे हीच उगवेल." त्याने रानमोडीची जुडी हलवली. "परदेशातून आली आणि इथल्या फुलांच्या उरावर बसली. खाली तेरडा दाट आहे, तिथला घे. मी काढून देऊ?"

"हात धू आधी. देवीचं काम आहे."

तो हसला. निहार त्याचं नाव. त्या हसण्यावरच मी भाळले, खरं सांगते.

मग दर रविवारी मीही रानमोडी उपटायला जाऊ लागले. घरी सांगायचे, फिरायला जाते. हातांना तिचा उग्र वास, नखांत माती, आणि त्याचा कोपर माझ्या कोपराला... चुकून. नेहमीच चुकून. पण ती बया काही हटेना. आम्ही एक झुडूप उपटावं, तिथे दहा उगवावीत. पिवळी सोनकी गेली, खालचा तेरडाही गेला. तिसऱ्या पावसाळ्यात एका खडकाशी तेरड्याची अकरा रोपं उरली, बस्स.

"यंदा यांचं बी पडलं नाही तर वाट लागली, श्रुतिका," निहार म्हणाला.

अक्कल मीच पाजळली. "लाल दोरा बांधूया. देवाचं म्हणून कोणी हात लावणार नाही."

गाठी मारताना त्याने माझं बोट धरलं... सोडलंच नाही. "गौरी येतील त्या दिवशी घरी येतो," तो म्हणाला, "तुझ्या आईला विचारायला."

आईला मी बजावलं होतं, यंदा गौर बाजारातून आण. गौरींच्या दिवशी संध्याकाळी पवईहून ऑफिस सुटल्यावर धावत घरी आले, तर ती दारातच हसत उभी.

"गो, बाजारातली सगळी सुकलेली. म्हणान डोंगरार गेलंय. बघ, दोरो बांधलेलीच गावली. देवीनच दाखयल्यान."

सुपात अकरा रोपं होती. मुळासकट. बोंडं अजून हिरवी, आणि गाठी माझ्याच. त्या खडकाशी आता फक्त रानमोडी उगवणार होती. मला रडू फुटायच्या आत बेल वाजली.

निहार इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याची नजर सुपाकडे गेली आणि तिथेच राहिली. मी नुसती मान खाली घातली. मग त्याने गौरीला हात जोडले, पानावर बसला, आईने वाढलेली भाजी-भाकरी संपवली.

"काकू," तो म्हणाला, "श्रुतिका आणि मी... लग्न करायचं म्हणतोय."

आई आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरून आले. तिने गौरीपुढची हळद उचलून दोघांच्याही कपाळाला लावली.

"गवर इली ती जावयाक घेवन इली," ती म्हणाली. "आता फुडल्या वर्साक गवर तुमी दोघांनीच आणूची. त्याच जाग्यावरसून."

निहारने माझ्याकडे पाहिलं.

"हो काकू," तो म्हणाला.