तीनदा पुसलेला फोन

"मॅडम, तो परत आलाय."

आवाज इतका दबका होता की फौजदारबाईंनी आधी विचारलं, "कोण? नवरा?"

"नाही हो. फोनातला तो. मी दुकानाच्या फोनवरून बोलतेय."

बाईंनी हातातला चहा खाली ठेवला. सायबर शाखेत त्यांना पाठीमागे सगळे चिकटबाई म्हणायचे, कारण एखादं प्रकरण हातात घेतलं की सोडायचं नाव नाही. आणि हा फोन तर त्यांनी गेल्याच आठवड्यात स्वतःच्या हातांनी साफ केला होता. कोरा करकरीत करून परत दिला होता. वर ऐटीत म्हणाल्या होत्या, "आता येऊ दे कोण येतो ते." आला की!

"कशालाही हात लावू नका. काही पुसू नका. आहे तसा घेऊन या."

फोन करणारी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दुकानात, ठाण्यात सगळीकडे तिचं नाव चष्मेवालीच पडलं होतं. नवऱ्यापासून ती वेगळी झाली होती आणि मुलगी कुणाकडे राहणार याचा खटला चालू होता. गंमत अशी, की ती आपल्या वकिलाला जे लिही ते समोरच्या वकिलाला आधीच ठाऊक असे. दुसऱ्या गावी नोकरी मिळतेय, घेऊ का, एवढंच तिने आपल्या वकिलाला विचारलं होतं. पुढच्या तारखेला समोरचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, ही बाई मुलीला घेऊन पळून जाणार आहे. न्यायाधीशांनी तिथल्या तिथे बजावलं, असलं आणखी काही कानावर आलं तर निकाल लागेपर्यंत मुलगी बापाकडे.

पुढची तारीख उद्याची होती.

ठाण्यात आली तेव्हा चष्मेवालीच्या अंगावर दुकानातला पांढरा कोट तसाच होता. टेबलावर फोन ठेवताना तिने तो दोन बोटांच्या चिमटीत धरला होता, मेलेला उंदीर धरावा तसा.

"कशावरून म्हणता, परत आलाय?"

"लक्षणं तीच. काही न करता तापतो. बॅटरी दुपारपर्यंत संपते. नेट कुठे जातं देव जाणे. अक्षरं भली मोठी होतात, मी बारीक करून ठेवते तरी. आणि मध्येच आपोआप पडदा उजळतो. मॅडम, मला रात्री झोप नाही. मी माझ्या लेकीशी, बबडीशी बोलते तेव्हाही वाटतं, तो ऐकतोय."

"ऐकतच असेल," बाई म्हणाल्या. खोटा दिलासा देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्यांनी फोन आधी विमान मोडवर टाकला आणि मग सेफ मोडमध्ये चालू केला. अशा वेळी बाहेरून घातलेली अ‍ॅप्स झोपलेली राहतात आणि नुसता फोन जागा होतो. सेटिंगमध्ये अ‍ॅप्सची यादी काढली. आणि होता की महाशय! 'बॅटरी सेवा' असं सज्जन नाव घेऊन बसला होता. पडद्यावर चित्र नाही, काही नाही. काढून टाकायचं बटण मेलेलं, कारण फोनच्या कारभाऱ्याचे अधिकार त्याने घेऊन ठेवले होते. फोनची स्वतःची राखण करणारी तपासणी कुणीतरी बंद केली होती.

"हा काढायला किती वेळ लागतो माहीत आहे? आधी ते अधिकार काढायचे, मग अ‍ॅप उडवायचं, मग तपासणी चालू करायची. भाजी फोडणीला टाकायलाही जास्त वेळ लागतो."

"मग काढा ना!"

"तीनदा काढला. पहिल्यांदा?"

"दुरुस्तीच्या दुकानात."

"दुसऱ्यांदा?"

"दादाने. सगळा फोन पुसला, पहिल्यासारखा केला. तिसऱ्यांदा तुम्ही."

"हं. म्हणजे दुरुस्तीवाला सुटला. माझ्यानंतर फोन त्याच्याकडे गेलाच नाही. आता हे बघा." बाईंनी फोन तिच्याकडे वळवला. "बाहेरचं अ‍ॅप घालू द्यायचं की नाही, हे फोन दर वेळी विचारतो. नेटवरून आलं असतं तर ती परवानगी ब्राउझरला दिलेली दिसली असती. मेसेजमधून आलं असतं तर मेसेजच्या अ‍ॅपला. इथे ती दिलीय फक्त फाइल्स दाखवणाऱ्या अ‍ॅपला. कळलं?"

चष्मेवालीने मान हलवली. तिला कळलं नव्हतं.

"म्हणजे फोनला काहीतरी टोचलं गेलं. पेन ड्राइव्हसारखं. आणि नंतर कुणीतरी निवांत बसून एकेक परवानगी बोटाने दिली. हा विषाणू वाऱ्यावर आलेला नाही. हाताने पेरलाय. तुमचा फोन कोण उघडतं?"

"मी. दुसऱ्या कुणाला मी हातही लावू देत नाही."

"दुकानात?"

"नेते तेव्हा कोटाच्या खिशात असतो."

"घरात कोण कोण?"

"दादा, आई आणि बबडी. आम्ही दादाकडेच राहतो."

"नवरा येतो?"

"दारात पाऊल टाकलेलं नाही त्याने. रविवारी बबडीला बागेत भेटतो. आई नेते, आई आणते. मला त्याचं तोंडही बघायचं नाही."

"दादाचं काय म्हणणं?"

चष्मेवाली जरा घुटमळली. "तो चांगला आहे. पण म्हणतो कधीकधी, की जुळवून घे म्हणून."

बाईंनी फोन परत दिला. "अजून काढायचा नाही. तो गेला की पुरावा गेला. विमान मोड तेवढा राहू द्या. चला, तुमच्या घरी जाऊ."

दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पुढच्या खोलीत टेबलावर संगणक, तारांचं जंजाळ आणि एका वाडग्यात चार-पाच पेन ड्राइव्ह, फुटाणे ठेवावेत तसे. दादा घरूनच काम करायचा. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. पोलीस बघून त्याचा चेहरा उतरला.

बाई वाडग्याकडे बघत म्हणाल्या, "भरपूर जमवलेत."

"कामाला लागतात."

"बहिणीचा फोन तुम्हीच साफ केला होता?"

"हो. व्यवस्थित केला होता."

"आणि लगेच परत आला. तुम्हाला ती सासरी गेलेली हवी आहे, असं ऐकलं."

"कोण म्हणालं?" दादा बहिणीकडे बघून भडकला. "अगं, मी रागाच्या भरात एकदा बोललो असेन! म्हणून काय मी... मॅडम, तो माणूस मला डोळ्यासमोर नको आहे. घर लहान आहे, ओढाताण होते, कधी तोंडातून निघतं. बस."

"यातलं एखादं तिच्या फोनला लावलंत?"

"यांचं तोंड तिच्या फोनला बसतच नाही. बघा लावून."

बाईंनी लावून बघितलं. खरंच बसत नव्हतं. दादाने फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन नाकाला टेकवून 'बॅटरी सेवा'ची सगळी बारीक अक्षरं धडाधडा वाचून काढली.

"हलकट आहे," तो म्हणाला. कुणाबद्दल ते सांगितलं नाही.

आतून बबडीच्या आजी आल्या. पाण्याचा पेला बाईंपुढे ठेवून खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मांडीवर चष्म्याची डबी होती, तिच्यावर त्यांचा हात सारखा फिरत होता. मग त्यांनी गोळ्यांचं एक पाकीट पुढे केलं.

"तुम्ही शिकल्यासवरल्या, जरा बघता का, यावरची तारीख उलटून गेली का?"

बाईंनी वाचून सांगितलं, अजून चालेल. आजी समाधानाने मागे टेकल्या. तेवढ्यात बबडी शाळेतून आली, दप्तर भिरकावलं, आईचा फोन टेबलावरून उचलला आणि आजीपुढे धरला. आजींनी बोट टेकवलं, फोन उघडला. बबडी फोन घेऊन सोफ्यावर पसरली आणि शाळेच्या सहलीचे फोटो बघायला लागली.

फौजदारबाई पाणी पिता पिता थांबल्या. पेला त्यांनी अगदी हळू खाली ठेवला.

"बबडी, आत जाऊन हातपाय धू बरं. फोन ठेव इथे."

पोरगी गेल्यावर त्या उठल्या आणि दार लावून घेतलं. त्यांना जे म्हणायचं होतं ते म्हणायची मुळीच इच्छा नव्हती. चिकटबाई असल्या तरी त्यांनाही आई होती.

"चष्मेवाल्या बाई, एक धंद्यातला प्रश्न. तुमच्या भावाला चष्मा न घालता जवळचं कसं दिसतं?"

"उत्तम दिसतं. त्याचा नंबर लांबचा आहे. चष्मा काढला की जवळचं उलट छान दिसतं."

"म्हणजे फोनवरची अक्षरं मोठी करायची त्याला गरज नाही."

"नाहीच मुळी."

"तुम्हाला?"

"मला तर बारीकच लागतात."

"तुम्ही मला लक्षणं सांगितलीत. तापतो, बॅटरी जाते, नेट खातो. हे सगळं खरं, चोरून ऐकणारं अ‍ॅप हे करतंच. पण अक्षरं मोठी? अहो, जो लपून बसलाय तो मालकिणीच्या डोळ्यांची सोय कशाला बघेल? तीही दर वेळी? मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. चूक माझी. अक्षरं विषाणूने मोठी केलेली नाहीत. विषाणू पेरणाऱ्याने केली, कारण त्याशिवाय त्याला काय दाबायचं ते वाचताच येत नव्हतं."

बाईंनी टेबलावरच्या फोनवर बोट ठेवलं.

"मी विचारलं, फोन कोण उघडतं. तुम्ही म्हणालात, मीच. खोटं नाही बोललात. तुमच्या हिशेबी आजी म्हणजे 'दुसरं कुणी' नाहीच. फोन पुसला की त्यातली बोटंही पुसली जातात. मग आजींचं बोट परत परत कोण घालत होतं?"

"मीच," चष्मेवाली म्हणाली. "मी दुकानात असताना... बबडीला काही झालं, शाळेतून फोन आला तर... दुकानात गर्दी असली की उचलता येत नाही, म्हणून आईकडे फोन ठेवून जाते मी कधीकधी. पण आईचा काय संबंध? तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"कळत नाही, म्हणूनच कुणीतरी शिकवलं. बागेत दर रविवारी कोण कुणाला भेटतं? आणि शेवटचं विचारते. जगाचे डोळे तपासता तुम्ही. आईचे शेवटचे कधी तपासलेत?"

चष्मेवालीची मान वळली. ती आईच्या मांडीवरच्या डबीकडे बघत होती.

"आजी," फौजदारबाई म्हणाल्या, "तारीख वाचायला मला दिलीत, चष्मा मात्र डबीतून काढला नाहीत. उघडता का ती?"

आजींनी डबी उघडली. आत चष्मा होता, आणि चष्म्याच्या काड्यांमध्ये एक बोटभर पेन ड्राइव्ह, दोन तोंडांचा, त्यातलं एक फोनला बसणारं.

दादाने आधी आपल्या वाडग्याकडे बघितलं, मग डबीकडे.

"हा चष्मा आता चालत नाही मला," आजी म्हणाल्या, जणू तेवढंच सांगायचं होतं. मग त्यांचा बांध फुटला. "ही दिवसभर उभी असते, रात्री रडते. तिला आणखी काय सांगू? तो बागेत पाया पडला माझ्या. म्हणाला, आई, ती कशी आहे एवढंच कळू द्या, मला तिची काळजी वाटते. एकदा तिचं मन कळलं की मी सगळं मागे घेतो, दोघींना घरी नेतो. माझ्या बटणांच्या फोनवर तो एकेक सांगायचा, हे दाबा, ते दाबा. मी म्हटलं, मला दिसत नाही. तर अक्षरं मोठी कशी करायची ते शिकवलं. लहान कशी करायची ते नाही शिकवलं त्याने."

"तू परत परत?" चष्मेवाली ओरडली. "मी रडून सांगत होते, तो सगळं ऐकतो म्हणून! तू समोर बसून भाजी निवडत होतीस!"

"तो म्हणायचा, ते बंद पडलंय, पुन्हा करा. मला वाटलं, पोरीला बाप मिळेल. तुझा संसार..."

"संसार? उद्या माझी मुलगी जाईल, आई!"

आजींनी दोन्ही हात तोंडावर घेतले. हे त्यांना आत्ता, या क्षणी कळत होतं.

फौजदारबाईंनी पेन ड्राइव्ह रुमालाने उचलून पाकिटात टाकला. "अ‍ॅपचं खातं बनावट नावाचं असणार. तो सरळ हात वर करील, म्हणेल, बायकोनेच कुभांड रचलं. हा ड्राइव्ह त्याने दिला आणि त्याने शिकवलं, हे सांगू शकणारं माणूस एकच आहे. पण ते उद्या कोर्टात, सगळ्यांसमोर सांगावं लागेल. आपण काय केलं त्यासकट. मी जबरदस्ती करणार नाही."

आजींनी चष्म्याची डबी मिटून टेबलावर ठेवली. बाईंनी फोनातल्या सगळ्याची नक्कल करून घेतली, पंचनामा लिहिला आणि मग, चौथ्यांदा, तो फोन पुसला. कोऱ्या फोनने पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली, भाषा कोणती, वेळ कोणती, कुणाच्या बोटाने उघडू. चष्मेवालीने आपला अंगठा टेकवला. आणखी एक बोट घालायचं का, असं पडद्यावर आलं. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. मग तिने 'नाही' दाबलं.

फौजदारबाई चपला घालत होत्या तेव्हा फोन वाजून थांबला. आत मोरीत पाणी वाहत होतं, बबडी कुणाशी तरी खोटंखोटं बोलत होती. आजींनी सवयीने फोन उचलला आणि बोट टेकवलं. फोन नुसता थरथरला. त्यांनी बोट पदराला पुसून पुन्हा टेकवलं.

"माझं बोट चालत नाहीये गं."

"या वेळी घातलं नाही मी ते."

आजींनी फोन टेबलावर ठेवला, आवाज होऊ न देता. थोडा वेळ आपल्या बोटाकडे बघत बसल्या. त्यांना ते नीट दिसत होतं की नाही, कुणास ठाऊक.

मग त्या उठल्या आणि दारापर्यंत आल्या.

"बाई, मला कोर्टातलं काही कळत नाही. वाचायला दिलं तर वाचता येणार नाही. पण तोंडाने सगळं सांगेन. माझं नाव घालूनच सांगेन. चालेल ना?"

"चालेल, आजी."

मागे चष्मेवाली अजून पाठमोरी उभी होती. वळली नाही. पण तिने टेबलावरची डबी उचलली, त्यातला चष्मा काढला आणि भिंग उजेडासमोर धरून बघू लागली.