आखूड पायांची पिल्लं

"भावानंच माझी पिल्लं लांबवली," बुनरुआनबाईंनी निरातला अंगणातच सांगितलं. "दोन अस्सल पिल्लं गायब केली आणि त्यांच्या जागी ही ध्यानं आणून ठेवली. संध्याकाळपर्यंत तो घराबाहेर हवा मला."

पाठीवर उलट्या केसांची रेघ असलेल्या काळ्या कुत्र्यांसाठी अख्ख्या त्रात प्रांतात बाईंचं नाव होतं, आणि बाई ते मिरवायच्याही. धाकटा भाऊ चालेम त्यांच्याकडेच राहून कुत्र्यांचं सगळं बघायचा. त्याचं दुसरं घर नव्हतं.

निरात खासगी तपास करायची. सोबत चुलतभाऊ तोंग, ज्याला भुकेशिवाय काही लवकर कळत नसे.

"मावशी, या पिल्लांच्या आईला, निनला, नर कधी दाखवलात?"

"माजावर आली, लाल जायचं कमी झालं त्यावर. आपलाच नर, दोघं अडकून गाठही चांगली पडली. पुढे डाग थांबले तसं मीच दार उघडलं. एकदा कुत्री भरली की कशाला कोंडायची बिचारीला?"

निनच्या पोटाशी चार काळी पिल्लं लुचत होती. आखूड पायांची, लोंबत्या कानांची दोन वेगळ्या टोपलीत कुईकुई करत होती. बाई त्यांना हात लावायला तयार नव्हत्या. तोंगनं एक उचलून कुरवाळलं.

"याच्या पाठीवरचे केस उलटेच फिरतात की!"

"ठेव खाली ते," बाई खेकसल्या.

चालेम मागच्या दारी कुत्र्यांचा भात कालवत होता.

"मामा, ही दोन आली कुठून?"

"निनलाच विचार."

"बहिणीला खरं का सांगत नाही?"

त्यानं मान वर केली नाही. "सांगून तिनं काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे."

शेजारच्या सायचोनबाईंना मात्र बोलायची हौस. त्यांच्या पायाशी आखूड पायांचा, लोंबत्या कानांचा कुत्रा लोळत होता. "निन माजावर होती तेव्हा हा जेवण सोडून तिच्या कुंपणाशी बसायचा. एकदा चालेमनंच उचलून आणून दिला. काय झालं विचारलं तर तोंडातून शब्द नाही. चोरच तो."

"म्हणजे याचीच पिल्लं नेऊन ठेवली," तोंग वाटेत कुजबुजला.

"याची आहेतच. पण कोणाच्या पोटची?"

अंगणात चालेमच्या देखत निरातनं ती दोन्ही पिल्लं बाईंच्या मांडीवर ठेवली. "पाठीवरून हात फिरवा, मावशी. पाय बापाचे, रेघ निनची. बदललं काहीच नाही. एकाच वेतात दोन बाप असतात कुत्र्यांत. गाठ पडली म्हणून कुत्री बंद होत नाही. डाग थांबतात तेव्हाही ती नर घेते, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही दार उघडलंत."

"मग हा गप्प का बसला?"

"त्यानं निनला आणि शेजारच्या कुत्र्याला अडकलेलं पाहिलं, सुटल्यावर कुत्रा उचलून घरी पोचवला. सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

उत्तर चालेमनंच दिलं. "सुई टोचून निनचं पोट पाडलं असतंस. तसल्याच सुईनं गर्भाची पिशवी सडून निनची आई गेली, ताई. माझ्या हातात गेली."

बाईंनी दोन्ही पिल्लं निनच्या पोटाशी नेऊन ठेवली. मग त्या म्हणाल्या, "हात धू. जेवायला बस."

"बसतो. मग निघतो."

"आता कशाला? तू चोरी केली नाहीस."

"ते मला माहीत होतं, ताई. तुला माहीत नव्हतं."