तियागो या नावाचा अर्थ

मुलाचं नाव तियागो ठेवलं तर धाकट्याच्या पदरात पडणार होतं ते असं: थोरल्या भावाच्या जोड्यांच्या दुकानात निम्मी मालकी, दुकानावरची हवेशीर खोली, आणि गिऱ्हाइकांसमोर सख्ख्या भावाला 'साहेब' म्हणण्यापासून सुटका. तिसऱ्या फायद्यासाठी त्यानं पोराचं नाव धोंडासुद्धा ठेवलं असतं.

थोरल्याचा हट्ट साधा होता. ज्या पोर्तुगीज भागीदारानं त्याला जोडे शिवायला शिकवलं, तो बिनलग्नाचा गेला. त्याचं नाव कुणीतरी चालवायला हवं. थोरल्याला मूलबाळ नव्हतं. धाकट्याच्या घरी नुकताच पाळणा हलला होता. धाकट्याच्या बायकोनं आधी नाक मुरडलं, मग निम्म्या दुकानाकडे पाहून सरळ केलं.

नाव ठेवलं आणि बाळाची उजवी मूठ जी मिटली, ती उघडेचना. डॉक्टर म्हणाले, उघडेल आपोआप. त्याच सुमारास ताई, म्हणजे धाकट्याची सहा वर्षांची लेक, जिना उतरताना अडखळू लागली. धावण्यात अख्ख्या गल्लीला मागे टाकणारी पोर. आता उजवा पाय ओढत चालायची.

"बाबा, बाळ माझी टाच धरतं."

"बाळ पाळण्यात आहे, ताई."

"हो ना," ती म्हणाली. "तिथूनच धरतं."

भाऊ झाला की पोरी लाडात येतातच, असं म्हणत त्यानं सवयीनं तिचा बूट हातात घेतला. टाचेमागचं कातडं म्हणजे बुटाचा कणा. आत ठोकून बसवलेला टणक थर, मोठ्या माणसाच्या अंगठ्यालाही न दबणारा. तिथं खळगे पडले होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. त्याच्या करंगळीचं टोकही त्यांत मावेना.

त्यानं दुकानातून नवा जोड आणला. संध्याकाळपर्यंत त्याचीही तीच गत.

खालच्या मजल्यावर परभाषा शिकवून निवृत्त झालेले मास्तर राहत. धाकट्यानं नावाचा अर्थ विचारला तसे ते खुलले. संत यागोचं सांतियागो झालं, लोकांनी ते भलत्याच जागी तोडलं, आणि तियागो उरलं. यागो म्हणजे मूळचा बायबलमधला याकोब, जुळ्या भावाची टाच धरून जन्मलेला.

"टाच धरणारा," मास्तर म्हणाले, "आणि पुढे दुसऱ्याची जागा घेणारा. पण तुम्हाला कसली काळजी? तुमच्याकडे जुळं थोडंच आहे."

नाव बदलायचंच, असं ठरवून धाकटा दुकानात गेला. थोरला रंगाऱ्याच्या डोक्यावर उभा राहून नवी पाटी करून घेत होता. पाटीवर दोघा भावांची नावं. धाकट्याचं अजून ओलं. बदल की, थोरला म्हणाला, एवढं पुसायला एक फडकं पुरे.

धाकटा ओल्या अक्षरांकडे बघत राहिला. पाटी एकदा चढू दे, त्यानं ठरवलं. मग बदलू.

पाटी चढली. शेजारच्या दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. आईच्या खांद्यावर बाळाची मूठ उघडली.

तळवा गुलाबी होता. रिकामा.

हे दाखवायला धाकट्यानं मागे वळून ताईला हाक मारली. आत्ताच तर ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"कुणाला बोलावताय?" बायकोनं विचारलं.

"ताईला."

"कुठल्या ताईला?"

ती हसली. थोरलाही हसला.

तो घरी पळाला. ताईच्या खाटेच्या जागी कपाट उभं होतं. कपाटाखाली हात घातला, तर बोटांना जुनी, घट्ट बसलेली धूळ लागली.

जिन्यात मास्तर भेटले. पहिलंच मूल, ते समजुतीनं म्हणाले, बाप असाच घाबरा होतो.

पायरीवर बसून त्यानं हिशेब जुळवला. थोरल्याला मित्राचं नाव मिळालं, बायकोला मुलगा, त्याला निम्मं दुकान. भरलं सगळं एकटीनं. निदान तिला तिच्या नावानं एक हाक मारावी म्हणून त्यानं तोंड उघडलं.

ताई तर ती भाऊ झाल्यापासूनची. त्याआधी घरात तिला काहीतरी म्हणत असतीलच.