ओब्रेलोंच्या वाडीची घंटा

फाजोलच्या ग्रामकचेरीत शेगडी होती, पण ती सरपंचांच्या पायाशी होती. त्यामुळे रोलांद ओब्रेलो अंगातला कोट न काढताच बसली. लिऑनच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली ही बाई सबंध वर्षभर स्वतःच्या आडनावाचा माग काढत हिंडत होती. आडनाव काही फार लांबून आलेलं निघालं नाही. फाजोलच्या वर, लोझेरच्या माळावर ओब्रेल नावाची वाडी होती. तिथले ते ओब्रेलो. एवढं कळायला बरेच दफ्तरखाने आणि एक चष्मा खर्ची पडला होता.

कारकून फिर्मिननं जन्मनोंदींची वही उघडून तिच्यापुढे सरकवली. "हे बघा. एमिल ओब्रेलो. तुमचे वडील."

रोलांदनं ती ओळ दोनदा वाचली. म्हणजे बाबा खोटं बोलत नव्हते. थोरल्याला घर आणि धाकट्यांना दार, हा इथला जुना रिवाज. त्या हिशेबानं एमिलला दुधाचे दात पडायच्या आत घरातून काढून दिलं होतं. त्यानं परक्यांची गुरं राखली, लिऑनच्या कारखान्यात हाडं झिजवली आणि मरेपर्यंत एकच पालुपद चालवलं, "वर आपलं घर आहे." शेजारी समोर मान डोलवायचे आणि पाठ फिरली की हसायचे. रोलांदला आता दुसरं काही नको होतं. त्या घराच्या दारातून एकदा आत जायचं होतं, आणि तेही घरची म्हणून.

"समास कोरा कसा?" तिनं विचारलं. माणूस कुठंही मरो, त्याच्या जन्मगावी कळवायचं आणि तिथल्या वहीत, त्याच्या नावाशेजारी ते चढवायचं, हा कायदा ती पोरांना शिकवत आली होती.

तिनं पानं मागं उलटली. काका, आत्या, आजोबा, पणजोबा. इतरांच्या नावांशेजारी मुंग्यांसारखी अक्षरं होती. ओब्रेलोंचे समास तेवढे कोरे होते.

"म्हणजे यातलं कुणी मेलंच नाही?"

"कागदोपत्री नाही," सरपंच ओगुस्त सॉसेजची चकती कापत म्हणाले. "पण मतदानाला एक येईल तर शपथ. कृतघ्न लेकाचे!"

फिर्मिन हसला नाही.

रोलांदनं पिशवीतून वडिलांचा मृत्यूचा दाखला काढला. "हा लिहून घ्या. त्यांची निदान शेवटची नोंद तरी होऊ दे त्यांच्या गावात."

"राहू द्या ना, बाई."

"का राहू द्या?"

"त्या घरचं लिहीत नाहीत. माझ्या आधीच्या कारकुनानंही लिहिलं नाही, त्याच्या आधीच्यानंही."

"कोणत्या कायद्यानं?"

फिर्मिननं सरपंचांकडे पाहिलं. "लिही बाबा," ते म्हणाले. "मास्तरीणबाई आहेत. उगाच बाकावर उभं करतील."

फिर्मिननं लिहिलं. त्याचं अक्षर चांगलं होतं, पण ती ओळ वाकडी आली. त्यानं टीपकागद दाबला, आणि सवयीनं खिडकीकडे बघितलं. समोरचं चर्च दिसत नव्हतं. भर दुपारी धुकं खाली उतरलं होतं.

मग वर, माळावरून घंटा ऐकू आली. बारीक, तडकलेल्या भांड्यासारखी, संथ.

सरपंचांच्या हातातली सुरी थांबली. "वर कोण गेलंय?"

"कोण जाणार?" फिर्मिन म्हणाला. "ओब्रेल ओस पडलं तेव्हा तुम्हीसुद्धा जन्मला नव्हतात, साहेब."

रोलांदला त्या घंटेबद्दल ठाऊक होतं. धुकं पडलं, हिमवादळ उठलं की माळावरच्या वाड्यांत घंटा वाजवायची, म्हणजे बाहेर राहिलेल्याला घर सापडतं. सगळी माणसं आत आली की थांबवायची. बाबा हे सांगताना नेहमी दाराकडे बघायचे.

"मग आज बाहेर कोण आहे?" तिनं विचारलं.

सरपंचांनी सुरी खाली ठेवली.

"जाऊ नका," फिर्मिन हळूच म्हणाला. "माझ्या बायकोनं जेवण केलंय. आमच्याकडे चला."

"मला घरी बोलावतायत, फिर्मिन," ती म्हणाली. तिला हे थट्टेनं म्हणायचं होतं.

माळावर चढणाऱ्या वाटेच्या कडेला ग्रॅनाइटचे उभे दगड होते. एक मागे पडला की दुसरा दिसायचा, तिसरा नाही. मेंढ्यांचा वास आला, मेंढ्या नव्हत्या. ओलं गवत पोटऱ्यांना लागत होतं. घंटा कधी डावीकडून यायची, कधी अगदी कानाशी, पण चुकली नाही. ती चालत राहिली आणि धाप लागलेली असूनही तिला बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिची वाट बघत होतं.

घर उभं होतं. छप्पर शाबूत होतं. धुराड्यातून धूर निघत होता.

दार अर्धवट उघडं होतं. आतून चेस्टनटच्या सूपचा वास आला.

तिनं पाऊल टाकलं. त्याच क्षणी कुणीतरी तिच्या बाजूनं पुढे गेलं. कोटाला कोट घासला. ठेंगण्या चौकटीखाली वाकायचं असतं हे ठाऊक असल्यासारखं ते वाकलं आणि आत गेलं.

दार लागलं. अडणा पडला.

घंटा थांबली.

"बूट पूस आधी," आत कुणी तरी खेकसलं. "सूप निवलं की तुझ्यापायी!" खुर्च्या सरकल्या. "एमिलचं मरण लिहिलं गेलं. त्याची जागा आता तुझी. बस."

"अहो!" रोलांदनं दारावर मुठी आपटल्या. "मी आहे! रोलांद! एमिलची मुलगी!"

चमचे थांबले.

"बाहेर कोण आहे गं, रोलांद?" एका म्हाताऱ्या आवाजानं विचारलं.

आतून उत्तर आलं ते तिच्याच आवाजात, शेवटच्या तासाला पोरांना कंटाळल्यावर लागायचा तसा.

"कुणी नाही. वारा आहे."

चमचे पुन्हा वाजू लागले.