खडूचं घर

धुळ्यात पांझरेच्या काठी, एका बंद पडलेल्या शाळेत एका सामाजिक संस्थेचं बेघर निवारा केंद्र होतं. पंचवीस खाटा, स्वयंपाकघर आणि मधे शहाबादी फरशीचा लांब हॉल. नवं माणूस आलं की आधी आंघोळ, मग केस कापणं, मग जेवण. स्वयंपाकीण लताबाई पंगतीत बसलेल्यांना दटावायची, "सरका रे जरा, जागा द्या!"

केंद्र दिपमाला सांभाळायची. ती पदार्थविज्ञान शिकलेली, मोजूनमापून बोलणारी बाई. माणसांना त्यांच्या घरी पोचवणं हे ती आपलं खरं काम समजायची. पण रस्त्यावर वर्षं काढलेल्याला गाव विचारलं तर तो गप्प बसतो, नाहीतर तीन गावं सांगतो. म्हणून तिने स्वतःची एक पद्धत बसवली होती. माणसाला हॉलमध्ये उभं करून डोळे मिटायला लावायचं. "तुमच्या दारात आहात. आता आत चला." माणूस चालू लागला की दिपमाला मागोमाग वाकून, त्याच्या पावलांच्या कडेने खडूची रेघ ओढत जायची. गावाचं नाव विसरलेल्या माणसाचे पाय उंबरा बरोबर ओलांडायचे. नंतर टेपने मापं घेऊन ती आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढायची आणि दारापुढे, दारामागे काय दिसतं तेही विचारून त्यावर लिहायची.

पद्धत तपासण्यासाठी तिने सुरुवातीलाच स्वतःचं घर चालून पाहिलं होतं. देवपुरातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, उजवीकडे चपलांचं कपाट, डावीकडे स्वयंपाकघर. खऱ्या मापाशी चार बोटांचा फरक पडला होता. तेवढा चालणार होता. या नकाशांवरून आजवर अकरा माणसं घरी गेली होती.

यशोदाबाई दिवाळीनंतर आली. चाळीसगावच्या फलाटावर कोणाला तरी तापाने फणफणलेली सापडली होती. ताप उतरला, पण अंगात ताकद येईना. डॉक्टर म्हणाले, पोचवायचं असेल तर लवकर पोचवा. म्हातारी रोज सकाळी गाठोडं बांधून दाराशी बसायची.

"अक्का, माझी भाकर कडू लागते का, की रोज निघायची तयारी?" लताबाई विचारायची.

"तुनी भाकर दगड शे," यशोदाबाई अहिराणीत म्हणायची आणि दिपमालाकडे वळायची. "पोरी, आज घर लई चालशी ना?"

"नेईन, अक्का. शब्द देते," एका सकाळी दिपमाला म्हणून गेली. ती सहसा कोणाला शब्द देत नसे.

त्याच दिवशी तिने यशोदाबाईला घर चालायला लावलं. म्हातारीने पाय उंच उचलून उंबरा ओलांडला, बुटक्या चौकटीखालून जावं तशी कमरेत वाकली. सरळ सात पावलं गेली, डावीकडे वळली आणि थांबली.

"पुढे काय आहे, अक्का?"

"आतली खोली. तठे अंधार शे."

संध्याकाळी नकाशा फाईलला लावताना दिपमालाचा हात थांबला. अभिमननानांचा नकाशा समोर होता. नाना गेल्या उन्हाळ्यात जळगावच्या एका फुटपाथवरून आले होते आणि एका दुपारी चपला खाटेखाली ठेवून निघून गेले होते. पोलिसांनाही सापडले नाहीत. तिने एक कागद दुसऱ्यावर ठेवला, खिडकीच्या काचेवर धरला. उंबरा, सात पावलं, डावं वळण. रेघेवर रेघ बसली होती.

स्वतःच्या घराला चार बोटांची चूक आणि इथे काहीच नाही. हे तिला सर्वांत जास्त खटकलं.

दोघांनीही मागच्या दाराशी गिरणा नदी सांगितली होती आणि पुढे दोन खोडांची चिंच. संस्थेच्या गाडीचा ड्रायव्हर सुकदेव गिरणाकाठच्या भडगावकडचा होता. तिने त्याला विचारलं.

"तशी चिंच आहे, ताई, आमच्या नदीकाठाला. पण तिथे घर कुठलं? नुसतं जोतं आहे. भिंती कोणी चढवल्याच नाहीत."

"कधीच नाहीत?"

"माझ्या आजाने तरी पाहिल्या नाहीत."

तरी ते गेले. दिलेला शब्द होता. पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालं होतं. चिंचेच्या पलीकडे दगडी जोतं, वर वाळलेलं गवत, मागे नदीचा कोरडा पट्टा. सुकदेव गाडीपाशीच थांबला. दिपमालाने टेप काढला. मापं तीच निघाली.

"उनं मनं घर," आपलं घर आलं तशी यशोदाबाई म्हणाली.

तिने नसलेला उंबरा पाय उचलून ओलांडला. नसलेल्या चौकटीखाली वाकली.

"काबर उभी शे, पोरी? वाकीसन ये."

दिपमाला जोत्याच्या कडेला उभीच राहिली. म्हातारी सात पावलं गेली. डोळे उघडे, चेहऱ्यावर ऊन. मग ती डावीकडे वळली.

भिंतीआड जावं तशी आधी तिचा खांदा दिसेनासा झाला. मग गाठोडं. मग पदर.

जोत्यावर गवत होतं आणि ऊन होतं.

दिपमालाने ते सगळं जोतं चारदा पालथं घातलं. एकदाही तिने पाय उचलून उंबरा ओलांडला नाही. गाडीशी परतली तेव्हा सुकदेवने विचारलं, "एकट्याच, ताई? अक्का कुठे?"

पोलिसांनी तीन दिवस नदीकाठ धुंडाळला. चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, "मॅडम, आम्ही सगळीकडे बघितलं."

सगळीकडे नव्हतं बघितलं. आतली खोली राहिली होती. विज्ञान शिकलेल्या बाईला हे कागदावर लिहिता येत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी तिने लताबाईच्या हातात खडू दिला. "माझ्या मागे रेघ ओढा."

"कुठलं घर, ताई? तुमचंच ना?"

दिपमालाने डोळे मिटले.

पाय आपोआप उंच उचलला गेला. मान आपोआप वाकली.

खडूची खरखर मागून येत होती. एक, दोन, तीन. आपण हे घर कितीदा चाललो? नानांच्या मागे वाकून, अक्काच्या मागे वाकून. पाच, सहा.

सात. ती डावीकडे वळली.

पायाखाली शहाबादी फरशी नव्हती. सारवलेली, गार जमीन होती. खडूची खरखर थांबली.

"ताई?" लताबाईचा आवाज भिंतीपलीकडून यावा तसा आला. "अहो ताई, कुठे गेल्या?"

दिपमालाने डोळे उघडले. काही दिसेना.

अंधारात कोणीतरी सरकून तिला जागा करून दिली.