बोटभर रिकामी जागा

"आपल्या नमुन्याच्या बाटलीतलं पाणी बदललं कुणी?"

भर सभेत हे विचारून दाखवच, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. भिंगरीने विचारलं, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत जमलेल्या सगळ्या ओढा बचाव समितीच्या माना तिच्याकडे वळल्या.

ओढ्यात मासे उताणे तरंगत होते आणि शहरातून आलेला अहवाल म्हणत होता, पाणी स्वच्छ! रंगाच्या कारखान्याविरुद्धची सुनावणी उद्यावर आलेली. नवा नमुना घ्यावा, तर कारखान्याने आठवडाभर सांडपाणी रोखून धरलेलं. हा अहवाल टिकला, की ओढा गेलाच.

भिंगरीने आपल्या जिवलग मैत्रिणीला, गोगलगायीला, वही काढायला लावली.

"बाटली मी भरली," समितीतल्या नर्सबाई फणकारल्या. "सरांच्या देखत! पाण्यात बुडवून, काठोकाठ. झाकणसुद्धा पाण्यातच लावलं."

"पाण्यात कशाला?" गोगलगायीने विचारलं.

"एक बुडबुडा राहिला तरी सर परत भरायला लावतात, बाई!"

"लावणारच," विज्ञानाचे सर म्हणाले. "रात्रभर ती माझ्या कपाटात होती. सकाळी भिंगरीच्या बाबांकडे दिली. कारखान्यात रजा टाकून बिचाऱ्यांनी शहरात पोचवली."

तिथे बाटली जमा करताना काढलेला फोटो सरांनी पुढे केला. भिंगरीने तो नाकाशी नेला. झाकण घट्ट. झाकणाखाली मात्र बोटभर जागा रिकामी.

"सांडलं असेल," बाहेर पडताना गोगलगाय म्हणाली.

"घट्ट झाकणातून?"

"मग सरच! रात्रभर कपाट त्यांचं."

"सर आणि बुडबुडा? काहीतरीच काय!"

भिंगरीने दप्तरातली पाण्याची बाटली काढली. सकाळी बाबांनी भरून दिलेली, अजून न उघडलेली. ती तोंडापर्यंत गेलीच नाही.

"काय गं?"

"घरी चल."

घरी आई भाजी निवडत होती, बाबा डबा घासत होते. भिंगरीने बाटली टेबलावर ठेवली.

"नर्सबाई आणि सर थेंबभरही जागा सोडत नाहीत. तिसरा हात एकच. बाबा, तुम्ही ओढ्यावर कधी आलाच नाहीत, तुम्हाला ही शिस्त माहीतच नव्हती. आणि माझी बाटली, आईचा थर्मास, तुम्ही सगळं बोटभर कमी भरता."

"वाटेत हिंदकळतं गं," बाबा सवयीने बोलून गेले. मग त्यांच्या हातातला डबा थांबला.

गोगलगायीची पेन्सिल खाली घरंगळली.

"अहो?" आई उठून उभी राहिली.

"साहेब म्हणाले, नमुना वाईट निघाला तर कारखान्याला टाळं." बाबांनी डबा खाली ठेवला. "वाटेत एक नळ दिसला... कारखाना बंद पडला तर खायचं काय आपण?"

"पोरी, घरातलं घरात राहू दे," आई हळूच म्हणाली.

भिंगरीने पेन्सिल उचलून गोगलगायीच्या हातात दिली.

"आई, बाबा, उद्या सुनावणीत हाच प्रश्न मी पुन्हा विचारणार आहे. या वेळी पैज नाही. उत्तर तुम्ही दिलंत बाबा, तर मी तुमच्या शेजारी उभी राहीन. नाही दिलंत, तर तेही मीच देईन."